एक काना जास्त

माथ्यावरच्या जुन्या बसथांब्यापाशी त्या दिवशी सदतीस गाड्या उभ्या होत्या. मी मोजल्या, कारण गाड्या मोजायची मला जुनी सवय आहे. सगळ्या छोट्या, नव्या, विजेवर चालणाऱ्या. दोन वर्षांपूर्वी अशी एखादी गाडी रस्त्याने गेली की माणसं मान वळवून बघायची. स्वस्त झाल्यापासून ती शिंप्याकडे आली, पावभट्टीवाल्याकडे आली, शाळेच्या शिपायाकडे आली, आणि आमच्याकडेही आली. रांगेच्या तोंडाशी, जिथे पूर्वी शेवटची बस विसावायची त्या पत्र्याच्या शेडखाली, पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस एकेका गाडीच्या बॉनेटवर उजवा हात ठेवत होता.

"चार्ज किती आहे?" तो विचारायचा.

"एकतीस टक्के, दादा."

"भीती वाटते?"

"थोडी वाटते."

"वाटणारच. तारेची सवय लागली ना. दावणीला बांधलेलं जनावर आणि तारेला बांधलेली गाडी, दोघांना रान कुठलं? जा, सुटलात. खाली पोचल्यावर आकडा बघा."

आणि खाली पोचल्यावर आकडा खरंच वाढलेला असायचा. एकतीसचे चौतीस, कधी पस्तीस. तार नाही, चार्जिंगचा खांब नाही, नुसता हात. लोक त्याला हातदादा म्हणत. मी मनातल्या मनात हातवाला म्हणे. तो पैसा घेत नसे, हाच त्याचा सगळ्यात मोठा दाखला होता. राहायला बंगला कुणी दिला, दोन्ही वेळचं ताट कोण पाठवतं, हे कुणी विचारत नव्हतं.

या हात ठेवण्याला तो 'उतारा' म्हणायचा. विषावर उतारा असतो ना, तसा तारेच्या गुलामीवर उतारा. उतारा घेतलेल्याने पथ्य पाळायचं. तो बोटांवर मोजत सांगायचा आणि मागची माणसं पाठ केल्यासारखी ओठ हलवायची.

"पाय हलका, मन हलकं. थंड हवेचं बटण बंद. देहाला जरा घाम येऊ द्या. सीटशेजारचा दांडा 'बी'वर टाकायचा. बी म्हणजे बीज, बीजातूनच अंकुर. सरळ खाली जायचं, वाटेत पाण्याच्या टाकीच्या चढाला वळलात तर उतारा मोडला. आणि गाडी काठोकाठ भरून आणू नका. भरलेल्याला मी काय देणार?"

शेडच्या बाजूला जमिनीत एक खड्डा होता, वर फळ्या टाकलेल्या. नगरपालिका तिथे चार्जिंगचे दोन खांब उभे करणार होती. खड्डा खणून झाला आणि हातवाला आला. मग माथ्यावरच्याच लोकांनी अभियंत्याला परत पाठवलं. "इथे हात आहे, खांब कशाला," म्हणाले. माथ्यावरच्यांना उतरताना आकडा वाढलेला रोज दिसायचा. पण रोज त्यांना हातवाल्याच्या दारावरूनच जावं लागे, तेव्हा श्रेयही त्यालाच जाई.

आम्हाला तिथे आणलं होतं चष्मेवाल्याने. आमच्या इमारतीत तळमजल्यावर त्याचं दुकान. "काकू, मी लोकांच्या डोळ्यांवरच पोट भरतो," तो म्हणाला होता. "या डोळ्यांनी बघितलं ते बघितलं. काकांना एकदा घेऊन चला."

काका म्हणजे माझे यजमान. चौतीस वर्षं त्यांनी याच रस्त्यावर बस चालवली. खालच्या डेपोतून माथा, माथ्यावरून डेपो. मी डेपोत चौकशीच्या खिडकीत बसायचे आणि भोंग्यावरून गाड्या पुकारायचे. आमचं लग्न त्या खिडकीच्या काचेतून जमलं. ते मला नावाने हाक मारत नसत, 'चौकशी' म्हणत. "चौकशी, चहा टाक." नातवंडांनासुद्धा बरीच वर्षं वाटायचं की आजीचं नावच चौकशी आहे.

त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली त्याला तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. यंत्रावरून उठले की अंगात बसमध्ये उभं राहायचं त्राण नसायचं, म्हणून ती गाडी घेतली. त्यांची नजर अधू झालेली, त्यामुळे चालवायला मी शिकले, सहासष्टाव्या वर्षी. गिअर नाही, क्लच नाही, दोनच पेडल. हे शेजारी बसून शिकवायचे. "अगं, स्टिअरिंग धरायचं असतं. तू कपडे पिळतेयस."

आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, गाडी रस्त्याच्या कडेला. घरातून वायर सोडणार कुठून? तेव्हा गाडीचा सगळा जीव दवाखान्याच्या मागच्या फाटकातल्या खांबावर. सुरुवातीला तिथे एकच खांब होता आणि त्याच्यापुढे भांडणं व्हायची. मग चार झाले. बाजारात झाले, वाचनालयापाशी झाले. त्यांची देखभाल करायला एक तिशीतली बाई यायची. केशरी जाकीट, कानामागे टेस्टर. सगळे तिला खांबवाली म्हणत आणि तिलाही ते आवडायचं.

वर दुसऱ्या मजल्यावर हे यंत्राला जोडलेले, खाली गाडी खांबाला जोडलेली आणि मधे बाकावर मी. खांबवाली जाता येता विचारायची, "मावशी, आज कोण आधी भरतंय?"

"गाडी. आमचे हे हळू चार्जिंगवाले."

ती हसायची, मीही हसायचे. हे मात्र हल्ली हसत नसत. एकदा यंत्रावरून उठल्यावर माझ्या खांद्याला धरून म्हणाले, "दावणीला बांधतात गं मला. दिवसाआड बांधतात." हातवाल्याच्या तोंडून दावणीचा शब्द आला तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं होतं. त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू कुणीतरी त्यांचं पत्र उघडून मोठ्याने वाचलं.

आमचा नंबर आला. हात टेकला. आकडा होता अडतीस. मी दांडा 'बी'वर टाकला, पाय हलका ठेवला आणि नऊ किलोमीटर खाली आले. आकडा बेचाळीस. त्याच्याखाली 'अजून इतकं जाल' असं सांगणारा दुसरा आकडा असतो, तो तर पंचेचाळीस किलोमीटरचा शहाण्णव झाला. ती गाडी घेऊन आम्ही त्याआधी कधी माथ्यावर गेलो नव्हतो. आमचं सगळं जाणं-येणं सपाटीवरचं. घरून निघताना आकडा एकावन्न होता आणि चढताना तेरा गेले होते. हे मला पुढे कितीतरी दिवसांनी सुचलं. हात लागल्यानंतरचं आम्ही मोजलं, आधीचं मोजलं नाही.

त्या दिवशी मीसुद्धा स्टिअरिंगवरून हात काढून क्षणभर जोडले होते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला हातवाल्याने बॉनेटवर हात ठेवलाच नाही. खिडकीतून आत वाकला आणि यांच्या डाव्या हाताकडे बघितलं, जिथे सुया टोचून टोचून शीर दोरीसारखी फुगली होती.

"किती वर्षं गाडी हाकलीत?"

"चौतीस."

"आणि आता तुम्हालाच कुणीतरी चालू-बंद करतं." त्याने यांच्या पाठीवर तळवा ठेवला. "ज्या हाताने लोखंडाची गाडी भरते, त्या हाताने माणूस नाही भरणार? तार सोडा. शरीर आपलं आपण भरून घेतं. फक्त पाय हलका, मन हलकं."

मी गाडी सुरू केली ती जरा जोरातच. वाटेत म्हटलं, "अहो, गाडीची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? तू आकडा बघितलास ना?"

मी आकडा बघितला होता.

सोमवारी ते गेले नाहीत. दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला, तर म्हणाले, "परगावी आलोय, पाहुण्यांकडे." सोफ्यावर बसून खोटं बोलले आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, शाळा बुडवलेल्या पोरासारखे. त्या दिवशी यंत्राने येणारा गळाठा नव्हता, म्हणून त्यांना खरोखर बरं वाटत होतं. खिडकीतल्या कुंड्या त्यांनी सारख्या केल्या. दाराची कडी कितीतरी महिने करकरत होती, तिला तेल घातलं. "उतार पडलाय गं मला," म्हणाले. "चौकशी, नोंद कर. उतार पडलाय."

मी ओढत का नेलं नाही, असं मुलीने नंतर मला विचारलं. त्याचं खरं उत्तर इतकंच की सव्वा वर्षात पहिल्यांदा सोमवारी माझा नवरा घरात शीळ घालत होता.

बुधवार गेला. शुक्रवार गेला. घोटे सुजले, चपलेचा पट्टा लागेना. पायऱ्या चढताना मधे थांबू लागले. मी बोलले, रडले, मुलीला फोन लावून दिला. तिच्याशी गोड बोलून त्यांनी फोन ठेवला. चष्मेवाला वर येऊन म्हणाला, "काकू, विष बाहेर पडतंय. दादा म्हणालेत, आधी सूज येते." मी त्याला दारातूनच परत पाठवलं. पुढच्या सोमवारीही ते उठले नाहीत, तेव्हा मी एकटीच गाडी घेऊन दवाखान्यामागच्या खांबापाशी गेले. तो चौथा चुकलेला दिवस.

खांबवाली नेहमीसारखी आली. "मावशी, काका वर सोडले का?"

मी सगळं सांगितलं. सांगताना तिचं हसू कुठे थांबलं ते मला दिसलं. तिने हातातली पक्कड खांबावर ठेवली आणि माझ्या गाडीत येऊन बसली.

"मावशी, हा दांडा बघा. बी म्हणजे बीज नाही. बी म्हणजे ब्रेक."

"म्हणजे?"

"पंख्याला वीज दिली की पंखा फिरतो. तोच पंखा वाऱ्याने जोरात फिरवला तर उलटी वीज बनते. गाडीची मोटर तशीच. सपाटीला, चढाला बॅटरी मोटरीला फिरवते. उताराला गाडी स्वतःच्या वजनाने खाली येते, चाकं मोटरीला फिरवतात, आणि तीच मोटर गाडीला रोखून धरत वीज बनवते. ती परत बॅटरीत. हात लावा, नाहीतर पाय लावा, उतार असला की आकडा वाढणार."

"आणि त्याचं पथ्य?"

"थंड हवा लावली तर मिळालेली वीज तिकडेच जाईल. टाकीच्या चढाला वळलात तर मिळवलेलं जाईल. काठोकाठ भरून आणली तर नवीन ठेवायला जागा नाही. ते पथ्य नाही, मावशी. गाडीबरोबर जे पुस्तक येतं ना, त्यातलं एकेचाळिसावं पान आहे ते."

मी कप्पा उघडला. पुस्तक होतं. वरचं प्लॅस्टिकही आम्ही फाडलेलं नव्हतं.

घरी जाऊन मी ते पान यांच्यापुढे धरलं. त्यांनी भिंगातून बराच वेळ वाचलं. मग म्हणाले, "पुस्तकात काहीही लिहितात. रस्ता मला सांगेल. उद्या वर चल."

"वर कशाला? आधी दवाखान्यात चला."

"आधी वर." श्वास घेऊन पुन्हा म्हणाले, "चौतीस वर्षांत मी त्या रस्त्याचंच ऐकलंय, चौकशी. तुझंही नाही ऐकलं. एवढं करू दे."

इथे मी चुकले. त्या वेळी मला वाटलं, पटल्यावर स्वतःच्या पायांनी जातील. एक दिवसाने काय होतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. मागच्या सीटवर चष्मेवाला आणि त्याच्या शेजारी खांबवाली. चष्मेवाला स्वतःहून आला होता. खांबवालीचं खोटं उघडं पाडायचं होतं त्याला. माथ्यावर रांग होतीच. मी गाडी वळवून रांगेच्या बाहेर उभी केली. हातवाला हसत पुढे आला. यांनी काच खाली केली, हात जोडले आणि म्हणाले, "आज हात नको. आज बघू दे."

"शंका आली का, ड्रायव्हरसाहेब?"

"शंका नाही. चौकशी."

मी दांडा 'बी'वर टाकला. आकडा चव्वेचाळीस.

त्या रस्त्याला चौदा वळणं आहेत आणि ड्रायव्हर लोकांनी प्रत्येकाचं नाव ठेवलंय. चहाचं वळण, आंधळं वळण, सासूचं वळण. सासूचं अशासाठी की तिथे दोनदा हॉर्न दिला तरी समोरून उत्तर येत नाही. हे डोळे बारीक करून आकड्यावर नजर लावून बसले होते आणि एकेक वळण पुकारत होते. एरवी पुकारायचं काम माझं.

"चहाचं वळण. चव्वेचाळीस." श्वास. "आंधळं वळण. पंचेचाळीस."

मागून चष्मेवाला म्हणाला, "काका, मागचा हात असेल अजून शिल्लक."

हे मान न वळवता म्हणाले, "गाडीला इतके दिवस पुरला? मग मला का नाही पुरला रे?"

चष्मेवाला पुढे वाकून आकडा बघू लागला.

"दांडा नेहमीच्या 'डी'वर टाक," हे म्हणाले. "थंड हवा लाव. पूर्ण लाव." मी तसं केलं. तीन वळणं गेली आणि आकडा पंचेचाळीसवरच चिकटून राहिला. "आता बंद कर. परत 'बी'." सासूच्या वळणावर शेहेचाळीस झाले.

त्यांनी पुढच्या काळ्या डॅशबोर्डवर तळवा ठेवला, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा.

"ब्रेक आहे हा," म्हणाले. "अगं, नुसता ब्रेक. आठवतंय तुला, मी डेपोत यायचो तेव्हा चाकांतून धूर यायचा? तू नाकाला पदर लावायचीस. पन्नास माणसांचं वजन खाली ओढायचं आणि ते सगळं आम्ही ब्रेकच्या पट्ट्यांवर जाळायचो. ही गाडी ते जाळत नाही. पोटात ठेवते." दम लागला होता. "चौतीस वर्षं मी हे पायाने जाळलं, आणि तो म्हणाला हाताने येतं, तर मी ऐकलं."

खांबवाली हळूच म्हणाली, "काका, आपण सरळ दवाखान्यात जाऊया."

"हो. जाऊया." मग माझ्याकडे वळले. ओठ निळसर दिसत होते, पण डोळ्यांत जुनी खोडकर चमक होती. "उतारा नाही गं तो. उतार. एक काना जास्त लावला त्याने."

दवाखान्याच्या दारात खांबवालीने धावत चाकांची खुर्ची आणली. सिस्टर त्यांना बघून रागवायलाच विसरल्या. आत नेताना यांनी खुर्चीचं चाक हाताने धरून थांबवलं.

"शेवटी किती झाला?"

"सत्तेचाळीस."

"पुकार की नीट. चौकशी ना तू?"

लोक बघत होते. मी भोंग्यावर म्हणायचे त्या आवाजात म्हटलं, "माथ्याहून आलेली गाडी. सत्तेचाळीस."

त्यांनी मान हलवली आणि चाक सोडलं.

यंत्र जोडायला वेळच मिळाला नाही. जे क्षार यंत्राने दिवसाआड काढायचे ते रक्तात साचून राहिले होते, आणि त्यांनी हृदय बंद पाडलं. डॉक्टर तरुण होते, माझ्या नजरेला नजर देत नव्हते. म्हणाले, "आजी, मागच्या शुक्रवारी आला असता तरी चाललं असतं." खाली गाडी उभी होती. ती माथ्यावरून निघताना होती त्यापेक्षा भरून खाली पोचली होती.

अकराव्या दिवशी मी पुन्हा वर गेले. बरोबर खांबवाली, चष्मेवाला आणि दोघांच्या दोन गाड्या. हातवाल्याने मला ओळखलं आणि चेहरा लांब केला.

"ऐकलं, आई. वाईट झालं. श्रद्धा शेवटी डळमळली त्यांची. मी म्हटलं होतं, शंका—"

"यांच्याबद्दल नंतर बोला," मी म्हटलं. "आधी तुमचं पथ्य सांगा. सगळ्यांना पाठ आहे, पण तुमच्या तोंडून ऐकू दे."

रांगेतले लोक जवळ आले. त्याने नेहमीसारखं बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली. त्याच्या प्रत्येक वाक्यापाठोपाठ चष्मेवाला गाडीच्या पुस्तकातलं एकेचाळिसावं पान मोठ्याने वाचत गेला. थंड हवेला थंड हवा, चढाला चढ, काठोकाठला काठोकाठ. तिसऱ्या बोटाला हातवाला थांबला. चष्मेवाला थांबला नाही, शेवटपर्यंत वाचत राहिला. दुसऱ्यांना अक्षरं दिसती करून द्यायचा धंदा त्याचा, पण आज तोच ओळीवर बोट ठेवून वाचत होता.

मग खांबवालीने तीन गाड्या पुढे घेतल्या. "पहिलीला हात लावा, ती खाली जाईल. दुसरीला लावू नका, तीही खाली जाईल. तिसरीला दोन्ही हात लावा, हवं तर मिठी मारा, आणि ती टाकीच्या चढावर नेऊया. प्रत्येकीत तुमच्यातलेच दोघे बसा. आकडे तुम्हीच फोन करून सांगा."

"शक्तीची परीक्षा घेत नसतात," हातवाला म्हणाला.

"शक्तीची नाही, गाडीची घेतोय. गाडी आमची आहे."

पाऊण तास लागला. हात लागलेली गाडी खाली पोचली, तीन टक्के वाढले. हात न लागलेली पोचली, तीन टक्के वाढले. दोन्ही हात लावलेली टाकीपर्यंत पोचली तेव्हा चार टक्के कमी झाले होते. पावभट्टीवाला फोनवर दोनदा म्हणाला, "कमी झाले हो. कमीच झाले."

"तुम्ही पूर्वी हीच गाडी विकायचात ना?" खांबवालीने विचारलं. "शोरूममध्ये गिऱ्हाइकाला फिरवून आणायचं काम. उतारावर नेऊन आकडा दाखवायचात. तिथला माणूस तुम्हाला अजून ओळखतो."

तो काहीतरी म्हणाला, निंदकांबद्दल असावं. कुणी ऐकत नव्हतं. टाळ्या पडल्या नाहीत, कुणी अंगावर गेलं नाही. सगळे आपापल्या गाड्यांकडे बघत होते. तेवढ्यात मागून एका बाईने अगदी हळू विचारलं, "मग माझ्या आईचं इन्शुलिन? दादांनी बंद करायला सांगितलं. पाच दिवस झाले."

"आत्ता जा," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता. खाली उतारच आहे, चार्ज पुरेल."

तिच्यामागून आणखी दोन गाड्या रांगेतून बाहेर पडल्या. त्यांनी कुणासाठी काय बंद केलं होतं ते मी विचारलं नाही. त्या तिन्ही गाड्या वेळेवर पोचल्या, एवढं मला माहीत आहे.

हातवाला त्याच आठवड्यात गेला. दुसऱ्या कुठल्यातरी माथ्यावर असेल. माथे पुष्कळ आहेत.

आता त्या शेडखाली दोन खांब उभे आहेत. खड्ड्यावरच्या फळ्या काढल्या त्या दिवशी खांबवालीने मला बोलावून घेतलं आणि पहिली गाडी माझी लावली. खांबात जादू नाही. दोन खांबांवर कधी सहा गाड्या येतात, वाट बघावी लागते, माणसं कुरकुरतात. त्याच्यावर पाटी आहे, किती वीज गेली ते दिसतं, बिघडला तर कुणाला फोन करायचा तेही लिहिलेलं आहे. जे खरं असतं ते असंच असतं, त्याचं पुस्तक मिळतं.

माझं वय झालं, मला कुणाला शिकवायचं नाही. एवढंच सांगते की कुणी आकडा वाढवून दाखवला तर घरून निघताना किती होता तेही विचारा. चढ आणि उतार, दोन्हीकडचं मोजा. कप्प्यातल्या पुस्तकाचं प्लॅस्टिक फाडा. आणि घरातलं माणूस कंटाळून, रडकुंडीला येऊन दवाखाना सोडायचं म्हणालं, तर त्याला पटायची वाट बघू नका. आधी न्या. पटवायला नंतर आयुष्य पडलेलं असतं. मी उलट केलं.

महिन्यातून एकदा तरी मी वर जाते आणि दांडा 'बी'वर टाकून खाली येते. चहाचं वळण, आंधळं वळण, सासूचं वळण. हात लावायला कुणी नसतं आणि आकडा दर वेळी वाढतो. शेजारच्या सीटकडे मी बघत नाही. आकडा बदलला की मोठ्याने पुकारते.